ढवळू नका

कारखान्यात तिला तोंडावर 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'पारा'. एक तर तिचं कामच उष्णता मोजायचं होतं, आणि दुसरं म्हणजे तिचा राग चढायला फारसं काही लागत नसे. पन्नाशीला टेकलेली, अंगानं काटक, आणि कुणालाही अरे-तुरे करणारी. कुणीतरी एकदा तिच्या खोलीतलं थर्मामीटर चहा ढवळायला वापरलं, तेव्हा तिनं तो चहा त्याच्याच बुटात ओतला होता. कँटीनमध्ये ही गोष्ट अजून सांगितली जायची आणि दर वेळी चहा आणखी गरम होत जायचा.

तिची खोली प्लँटपासून लांब, आवाराच्या दुसऱ्या टोकाला होती. मधोमध बादलीएवढं, दुहेरी भिंतीचं स्टीलचं भांडं होतं. झाकणातून आत एक छोटा पंखा उतरलेला, शेजारी तापमानाची तार, आणि दोन भिंतींच्या मधून, म्हणजे जॅकेटमधून, सतत फिरणारं गार पाणी. हा तिचा कॅलरीमीटर. नवं रसायन काढायचं ठरलं की आधी ते इथे थोडंसं बनायचं. किती उष्णता सुटते, किती वेगानं सुटते, गार पाणी तेवढी उष्णता ओढून नेतं की नाही, हे ती बघायची. मग प्लँटवाल्यांना सांगायची की मोठ्या रिअॅक्टरमध्ये काय ओतायचं आणि किती सावकाश. नव्या माणसाला तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असे. "किती तापतं ते नको विचारूस. केव्हा तापतं ते विचार."

प्लँटचा साहेब तिचा सख्खा धाकटा भाऊ होता. आई गेली तेव्हा तो पाटी-दप्तरातला होता. तिनंच त्याला न्हाऊ-माखू घातलं, शिकवलं, आणि याच कारखान्यात चिकटवलं. तो भराभर वर चढला आणि तिच्याही वर गेला. तिला त्याचं कौतुकच होतं. कारखान्यात तो तिला 'मॅडम' म्हणायचा आणि बाहेर पडल्यावर 'ताई', तेव्हा तिला हसू यायचं. स्वतःचा संसार तिनं मांडलाच नाही. का, ते कुणी विचारण्याच्या भानगडीत पडत नसे.

त्या वर्षी कारखान्यानं एक नवा माल काढायला घेतला. तेलासारख्या एका द्रवात तीव्र आम्ल थेंबाथेंबानं सोडायचं, स्टररनं, म्हणजे आतल्या मोठ्या पंख्यानं, सतत ढवळत राहायचं आणि बाहेरून गार करायचं, अशी ती क्रिया होती. बाईनं ती बरेच दिवस मोजली आणि तिला त्यात एक वाईट गोष्ट दिसली. माल कोमट असला की आम्ल पडल्या-पडल्या मुरायचं, उष्णता लगेच सुटायची आणि पाणी ती ओढून न्यायचं. पण माल फार गार ठेवला की आम्ल मुरायचंच नाही. तसंच साठून राहायचं, गप्प. काटा हलत नसे. सगळं कसं छान चाललंय असं वाटायचं. आणि मग जरा कुठे ऊब लागली की साठलेलं सगळं एकदम पेटून उठायचं. तिच्या छोट्या भांड्याचं झाकण एकदा त्या उसळीनं छताला चिकटवलं होतं.

तिनं भावाला खोलीत बोलावून घेतलं, समोर बसवलं आणि हे सगळं करून दाखवलं. कोमट ठेव, सावकाश सोड, गार करू नकोस, असं बजावलं. त्यानं मान हलवली. पण प्लँटमध्ये परत गेल्यावर त्याचं डोकं दुसरीकडे धावायला लागलं. माल वेळेत निघत नव्हता, वरून फोनवर फोन येत होते. आम्ल लवकर ओतायचं तर माल गार ठेवला की झालं, गार म्हणजे सुरक्षित, असं त्याच्या मनानं घेतलं. कुठल्याही शहाण्या माणसाला तसंच वाटलं असतं. पहिल्या काही खेपा काही न होता निघाल्या. बाईच्या कानावर ते आलं तेव्हा ती थेट त्याच्या केबिनमध्ये शिरली आणि सगळ्यांच्या देखत त्याला झापलं. त्याचे कान लाल झाले. हाताखालच्या लोकांसमोर अपमान झाला म्हणून तो महिनाभर तिच्याशी धड बोलला नाही, आणि माल गारच ठेवत राहिला.

सकाळची पाळी भरून थोडाच वेळ झाला होता, तेव्हा पहिला रिअॅक्टर फुटला.

बाई खोलीत उभी होती. आधी जमीन हलली, मग खिडक्या आत आल्या. काचा तिच्या टेबलावर गारांसारख्या सांडल्या. तिनं बाहेर पाहिलं तर प्लँटचं अर्धं छप्पर उडालेलं, आणि वर तपकिरी धुराचा एक जाड खांब. दिवे गेले होते. लोक जीव मुठीत धरून फाटकाकडे पळत होते.

पहिल्या रिअॅक्टरवर एक तरुण ऑपरेटर होता. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्याचा थोरला भाऊ कारखान्याचा फिटर. धिप्पाड, अबोल माणूस, पंप आणि स्टररची मोटार त्याच्या हाताखालून गेल्याशिवाय चालू होत नसे. दोघं रोज एकाच मोटारसायकलवर यायचे. स्फोट झाला तेव्हा फिटर आवारात पाइप कापत होता. सगळे बाहेर पळत असताना तो आत पळाला. भावाला त्यानं वाकलेल्या जिन्याखालून ओढून काढलं आणि खांद्यावर घेऊन बाहेर आणलं. उचलताना भावाच्या दंडाची कातडी हातमोज्यासारखी त्याच्या मुठीत आली. पोराला शुद्ध होती. तो पाणी मागत होता, आणि ओठ नसल्यानं त्याला 'पाणी' म्हणता येत नव्हतं. रुग्णवाहिका फाटकात शिरली तेव्हा ते संपलं होतं.

फिटर उठला. त्याच्या शर्टाच्या पुढच्या भागावर भावाचं काय काय चिकटलं होतं. हातात मघाशी कापत होता तो पाइपचा तुकडा कधी आला, त्याचं त्यालाही कळलं नाही. चार-पाच जण घेऊन तो साहेबासमोर जाऊन उभा राहिला आणि एवढंच विचारलं, हे कुणामुळे झालं?

साहेब भिंतीला टेकला होता. पाचावर धारण बसली होती त्याची. समोर लोखंड धरलेले हात होते आणि मागे भिंत.

"मोजणी बाईंची आहे," तो म्हणाला. "किती गार ठेवायचं, किती वेगानं ओतायचं, सगळं त्यांनी सांगितलं. आम्ही फक्त तसं केलं. त्यांना विचारा."

फिटर वळला. बाकीचे तिथेच थबकले, तो एकटाच आवार ओलांडून निघाला.

इकडे बाईच्या डोक्यात आता एकच गोष्ट घोळत होती. पहिल्या रिअॅक्टरच्या शेजारी, जाड भिंतीपलीकडे, दुसरा होता. त्यातही तोच माल, तसाच गार, आणि आम्ल अर्ध्याहून जास्त ओतून झालेलं. वीज गेली म्हणजे त्याचा स्टरर थांबला. ढवळणं थांबलं म्हणजे जड आम्ल खाली बसलं आणि तेल वर तरंगलं. दोन थर, एकमेकांना जेमतेम शिवणारे. तसेच राहिले तर बराच वेळ निभावेल. पण कुणी स्टरर चालू केला, तर ते सगळं आम्ल त्या सगळ्या तेलात एका झटक्यात मिसळेल, आणि मग भिंत कितीही जाड असली तरी तिचा उपयोग नाही. फाटकाबाहेर अख्खी वस्ती होती. तिनं फोन उचलला, तो मुका होता. ती दाराकडे धावली आणि दारातच फिटर उभा राहिला.

त्यानं आत येऊन कडी घातली. ती काही बोलायच्या आत त्यानं पहिला घाव कॅलरीमीटरवर घातला. झाकण वाकलं, पंख्याचा दांडा मोडून कोपऱ्यात गेला. दुसऱ्या घावानं पाण्याची नळी फुटली. तिसरा तिच्या खांद्यावर बसला.

"माझा भाऊ गेला," तो म्हणाला. "तू मारलास."

ती कंबरेत टेबलाच्या कडेवर आपटली. चौथा फटका तिच्या डाव्या कानावर आला. तो पुरता बसला असता तर गोष्ट तिथेच संपली असती, पण ती घसरत असल्यानं निसटता लागला. कान फाटला, आत काहीतरी फुटलं आणि एका बाजूचं जग बंद झालं. ती काचांवर पडली. तळहातांत काचा घुसल्या. त्यानं तिला केसांना धरून वर ओढलं आणि पुन्हा पाइप उचलला.

"मी सांगितलेलं नाही," ती म्हणाली. "गार ठेवू नका म्हणून सांगितलं होतं."

"तुझा सख्खा भाऊ म्हणतोय."

पुढे तिनं कुणालातरी सांगितलं की कानावरचा फटका तिला नंतर दुखला, ते वाक्य आधी दुखलं. पण त्या वेळी विचार करायला सवड नव्हती. तिनं तोंडातलं रक्त थुंकलं आणि विचारलं, दुसऱ्या रिअॅक्टरपाशी कोण आहे?

तिनं पुन्हा विचारलं. मग तो म्हणाला की निघताना कानावर आलं, साहेब तिकडेच गेलेत, जनरेटर लावायला सांगितलाय, स्टरर चालू करणार आहेत.

"मग आपण सगळे मेलो," ती म्हणाली.

त्याला वाटलं, बाई जीव वाचवायला काहीतरी बनवाबनवी करतेय. त्यानं केसांची पकड आणखी आवळली. तेव्हा ती त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "मार. पण आधी एक गोष्ट बघ, मग मार. पळून कुठे जाणार आहे मी, कडी तूच घातलीस."

तिच्या आवाजात विनवणी नव्हती. कामाचं बोलताना ती जशी बोलायची तशीच बोलली, आणि कदाचित त्यामुळेच त्याची मूठ सैल झाली. ती लंगडत कपाटाकडे गेली. एक काचेचं पात्र आणि आम्लाची बाटली काढली. पात्रात थोडं आम्ल घेतलं. मग काचेची कांडी तिरकी धरून तिच्यावरून अलगद पाणी सोडलं, इतकं अलगद की ते आम्लावर साईसारखं पसरून बसलं. शाळेतल्या पोरालाही पहिल्याच दिवशी सांगतात की आम्लावर पाणी ओतू नकोस. तिनं ते ओतलं आणि आत थर्मामीटर सोडलं.

"हात लाव," ती म्हणाली.

त्यानं पाइपचा हात तसाच वर ठेवून दुसऱ्या हाताचं बोट काचेला लावलं. जरा कोमट लागली, एवढंच. पारा वर सरकत होता, पण मुंगीच्या चालीनं.

"हा तुमचा दुसरा रिअॅक्टर. आत्ता असा आहे. आता मी स्टरर चालू करते."

तिनं कांडी आत घातली आणि एकच गिरकी दिली. पात्र फुसांडलं. पाणी आणि आम्ल उकळत काठावरून उसळलं, तिच्या हातावर, मनगटावर, बाहीवर. कापड धूर सोडायला लागलं. थर्मामीटरचा पारा वरच्या टोकाला जाऊन भिडला. तिनं दात आवळून हात फुटक्या नळीखाली धरला. मनगटाची कातडी पांढरी होऊन सुरकुतली होती.

"हे दोन घोट होते," ती म्हणाली. "तिकडे टाकीभर आहे. आणि पाण्यापेक्षा त्या तेलाबरोबर ते कितीतरी जास्त तापतं."

फिटर त्या पात्राकडे बघत राहिला. आयुष्यभर त्यानं स्टरर बसवले होते. तो पंखा एका फेऱ्यात किती माल ढवळतो, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. बाहेर, लांबून, जनरेटर खोकल्यासारखा आवाज करून बंद पडला. कुणीतरी तो सुरू करायच्या खटपटीत होतं.

त्यानं कडी काढली. "चला बाई," तो म्हणाला. इतका वेळ तो तिला 'तू' म्हणत होता.

ती धावू शकत नव्हती. त्यानं तिला काखेत धरून जवळजवळ उचलूनच नेलं. आवाराच्या मध्यावर पोचले आणि जनरेटर लागला. दुसऱ्या रिअॅक्टरच्या खोलीत दिवे फडफडून पेटले. साहेब पॅनेलसमोर एकटाच उभा होता, एक हात हिरव्या बटणाजवळ नेऊन. पळून न जाता तो तिथे आला होता, हेही खरं. आपल्या हातून एक फुटला, आता दुसरा तरी वाचवू, अशा वेड्या घाईत होता तो.

"हात काढ," बाई ओरडली. "ढवळू नकोस."

त्यानं मागे वळून पाहिलं. बहिणीचा रक्तानं माखलेला चेहरा आणि तिला धरलेला फिटर पाहून तो पांढराफटक पडला. "ताई, ढवळलं नाही तर गार होणार नाही," तो म्हणाला. "जॅकेटमधलं पाणी नुसतं भिंतीपाशी फिरतंय. आतलं तापलं तर हाही जाईल."

"ढवळलंस तर आत्ता जाईल. आम्ल खाली बसलंय."

मग त्यानं मान झटकली आणि बटणाकडे वळला. तिचं न ऐकायची सवय त्याला त्या महिनाभरात पक्की लागली होती.

फिटरनं पाइप त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज जनरेटरच्या घरघरीतही स्पष्ट ऐकू आला. साहेब किंचाळत गुडघ्यांवर आला. हात कोपरापुढे भलत्याच दिशेला लोंबत होता. फिटरनं पाइप पुन्हा उचलला, या वेळी डोक्यावर घालायला. बाई दोघांच्या मध्ये गेली नाही. तिनं फक्त पाइपचं मागचं टोक धरलं.

"त्याचं नंतर," ती म्हणाली. "आधी व्हॉल्व्ह."

फिटर धापा टाकत उभा राहिला आणि मग त्यानं पाइप खाली केला.

रिअॅक्टरच्या बुडाला एक व्हॉल्व्ह होता, आणि त्याच्याखाली जमिनीत पाण्यानं भरलेली मोठी टाकी. काही बिघडलंच तर माल तिच्यात सोडायचा, एवढ्यासाठीच ती होती. आम्ल तळाशी होतं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडला की आधी तेच खाली येणार. पण आम्ल पाण्यात पडलं की पाणीही तापतं, हे तिनं मघाशी दाखवलंच होतं. एकदम सोडलं तर टाकीच उकळून वर येईल. तिनं फिटरला सांगितलं की मी ओरडेन तेव्हा उघड, ओरडेन तेव्हा बंद कर, त्याहून तसूभर जास्त नाही. भिंतीवरच्या कपाटात विषारी धुरासाठीचा एकच मुखवटा होता. त्यानं तो तिला दिला. तिनं नको म्हटलं, तेव्हा त्यानं सरळ तिच्या डोक्यावर चढवला आणि स्वतः ओला रुमाल तोंडाला बांधून रिअॅक्टरखाली शिरला.

ती टाकीच्या काठावर पालथी पडली आणि तिथेच टांगलेली तापमानाची तार पाण्यात सोडली. "सोड," ती ओरडली. आम्ल पडलं तसा टाकीतून चर्र आवाज झाला आणि तपकिरी धूर वर आला. काटा चढला. "बंद." पाणी निवेना. "सोड. बंद." प्रत्येक खेपेला काटा आधीपेक्षा वर जाऊन थांबायचा. तिनं मनातल्या मनात हिशेब केला, रिअॅक्टरमध्ये अजून किती आम्ल आहे आणि हे पाणी अजून किती उष्णता पोटात घेईल. हिशेब जुळत नव्हता.

"बर्फ," ती भावाला म्हणाली. तो भिंतीपाशी मोडका हात छातीशी धरून कण्हत होता. "बर्फघरातून लाद्या आण. बर्फ वितळायला लागला की पाण्यापेक्षा कितीतरी जास्त उष्णता खातो. ऊठ."

त्यानं हाताकडे पाहिलं.

"एक हात आहे ना धड? ऊठ."

तो उठला. शेजारच्या बर्फघरातून एकेक लादी आकड्यानं ओढत, रडत, मध्येच ओकत, तो आणत राहिला आणि टाकीत लोटत राहिला. लादी पाण्यात पडली की काटा आधी अडायचा, मग खाली यायचा. ती ओरडायची, "सोड." रिअॅक्टरखालून खोकला ऐकू यायचा आणि व्हॉल्व्ह फिरायचा. पुढे पुढे फिटरला उत्तर देता येईना. नुसता लोखंडावर पाना आपटून तो कळवायचा की ऐकलं. किती वेळ हे चाललं, तिघांनाही नंतर सांगता आलं नाही. शेवटी व्हॉल्व्हमधून आम्लाऐवजी पिवळसर तेल आलं, तेव्हा ती म्हणाली, "झालं. बंद कर. बाहेर ये."

तो बाहेर आला नाही. तिनं आणि भावानं मिळून त्याला पायांना धरून ओढून काढलं. त्याच्या भुवया आणि पापण्या गेल्या होत्या, ओठांना तपकिरी फेस होता, पण छाती हलत होती.

तिघांना एकाच इस्पितळात नेलं. बाईच्या कानाला टाके पडले आणि डाव्या बाजूनं तिला कायमचं ऐकू येईनासं झालं. मनगटावर कातडी लावावी लागली. फिटर बरेच दिवस नळीनं श्वास घेत होता. भाऊ प्लॅस्टर घातलेला हात गळ्यात अडकवून तिच्या खाटेपाशी आला. बराच वेळ चादरीची दशी ओढत बसला. मग तिनंच विचारलं.

"त्याला माझ्याकडे का पाठवलंस?"

"मला वाटलं, बाईमाणसावर कोण हात टाकेल," तो म्हणाला. "तुझ्यापाशी येऊन थोडं ओरडेल आणि थंड होईल, असं वाटलं."

तिनं त्याच्या थोबाडीत मारली. पट्टी बांधलेल्या हातानंच मारली, त्यामुळे तिलाच जास्त लागलं. आयुष्यात त्याच्यावर हात उचलायची तिची ती पहिलीच वेळ. तो उठून गेला.

चौकशीला सरकारी माणसं आली तेव्हा त्यानं पुन्हा तेच सांगितलं, मोजणी बाईंची, आकडे बाईंचे. या वेळी समोर पाइप नव्हता. कुणी त्याला शिकवलं की त्याच्या मनानंच घेतलं, देव जाणे. त्याची बायको बाईकडे येऊन रडली. म्हणाली, तुमच्या अंगाखांद्यावर वाढलेत ते, मुलांकडे बघा, थोडा दोष तुम्ही घेतलात तर तुमचं काय जाणार आहे, तुमच्यामागे कोण आहे? बाईनं तिला पाणी दिलं आणि मुलांना घेऊन जा म्हणून सांगितलं.

चौकशीवाल्यांना तिनं सांगितलं की माझ्या तोंडाच्या शब्दावर जाऊ नका आणि त्याच्याही. तिनं दुसरीकडून कॅलरीमीटर मागवला, तो सगळ्यांसमोर लावला आणि दोनदा तीच क्रिया केली. एकदा कोमट, सावकाश, तिच्या सांगण्याप्रमाणे. काटा थोडा चढला, थोडा उतरला, संपलं. दुसऱ्यांदा गार, भराभर, प्लँटमध्ये चालायचं तसं. काटा हललाच नाही. चौकशीवाल्यांपैकी एकजण म्हणाला, हे तर जास्त चांगलं दिसतंय. बाईनं त्यांना मागे सरकायला सांगितलं आणि जॅकेटचं पाणी जरा कोमट केलं. थोड्या वेळानं झाकण बोल्टांसकट उपटून भिंतीवर आदळलं आणि खोली धुरानं भरली. माणसं खोकत बाहेर पळाली. तिचा भाऊ मात्र आतच उभा राहिला. धूर ओसरला तेव्हा तो खाली बसला होता. तिथेच त्यानं कबूल केलं की ताईनं सांगितलं होतं, करूनही दाखवलं होतं.

त्याला शिक्षा झाली. ती त्याला भेटायला जाते. तो कधी बोलतो, कधी नाही. भावजय तिला दारात उभं करत नाही.

फिटरवरही खटला उभा राहिला, बाईला आणि साहेबाला मारल्याचा. त्याच्या वकिलानं बाईला गाठून विचारलं की तुम्ही त्याला माफ केलंत असं सांगाल का. ती म्हणाली, केलं असतं तर सांगितलं असतं. साक्षीला उभी राहिली तेव्हा पाइप कुठे कुठे लागला ते तिनं सगळं सांगितलं. वकिलांना तिच्या उजव्या बाजूला येऊन प्रश्न विचारावे लागत होते. मग विचारलेलं नसतानाही तिनं पुढचं सांगितलं. मुखवटा एकच होता आणि तो त्यानं माझ्या डोक्यावर घातला, व्हॉल्व्ह शेवटपर्यंत सोडला नाही, बाहेरची वस्ती त्यामुळे उभी आहे. ज्याचा भाऊ त्याच सकाळी त्याच्या हातांत कातडी सुटून मेला होता, त्यानं हे केलं. ती रडत नव्हती, पण कठडा घट्ट धरून होती.

शिक्षा थोडकी झाली. बाहेर पडायच्या आधी व्हरांड्यात तो तिच्यासमोर आला. दोन पावलं चालला तरी त्याला दम लागत होता, आवाज चिरका झाला होता. धिप्पाड देह पोकळ वाटत होता. बरोबरचा पोलीस जरा बाजूला उभा राहिला.

"बाई, भावाला माझ्या फार त्रास झाला," तो म्हणाला. "पाणी मागत होता. मी द्यायला हवं होतं का?"

खोटं बोलायची तिला सवय नव्हती आणि या वेळी गरजही पडली नाही.

"दिलं असतंस तरी वाचला नसता," ती म्हणाली. "पण द्यायला हवं होतंस."

त्यानं मान हलवली. मग तो व्हरांड्याच्या कठड्याला धरून हळूहळू खाली बसला. ती पण वाकली, आणि उजवा कान त्याच्याकडे करून त्याच्या शेजारी बसली.